कराटे, ज्युदो, कुस्तीसोबत वजनं कशी उचलायची? तिशी-चाळिशीतल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे संध्याकाळच्या बॅचला आता पोरांना सोडायला आलेले आईवडीलही पांढरा पट्टा बांधून उभे राहतात. कुणी लहानपणी तालमीत जात होतं आणि वीस वर्षांनी परत आलंय. त्यातले बरेच जण जिमही लावतात, आणि महिन्याभरात गुडघा नाहीतर खांदा धरून बसतात. खालचे प्रश्न त्यांचे आहेत. उत्तरं तीस ते पंचावन्न वयाच्या, पोटासाठी दुसरा कामधंदा करणाऱ्या माणसांसाठी आहेत. स्पर्धेतल्या खेळाडूंनी आपल्या कोचचं ऐकावं.

आठवड्यातून किती दिवस मॅट आणि किती दिवस वजनं?

दोन ते तीन दिवस मॅट, म्हणजे क्लासमधला सराव, आणि दोन दिवस वजनं. नोकरी, घर, जाणं-येणं सांभाळणाऱ्या बहुतेकांना एवढंच झेपतं आणि एवढ्यात प्रगतीही होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितलाय. म्हणजे तुमचे दोन दिवस कमी पडत नाहीत.

गफलत होते ती वेगळीकडे. जिमवाला सहा दिवसांचं वेळापत्रक देतो: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय. त्याच्या हिशोबात तुमचा कराटेचा क्लास नसतो. क्लासच्या सरांच्या हिशोबात जिम नसते. ही एकाच विहिरीवर बसवलेल्या दोन मोटारींची गत आहे. दोन्ही मोटारी आपापल्या परीने ठीक असतात, पण विहिरीत पाणी एकाच झऱ्याचं येतं. शरीर भरून निघतं ते झोप, जेवण आणि विश्रांतीतून. तिशीनंतर तो झरा विशीइतका जोरात वाहत नाही, शिवाय लहान लेकरू असेल तर रात्री त्यातलं निम्मं पाणी ते नेतं.

म्हणून आधी ठरवा की मुख्य काय. या पानावर आम्ही कला मुख्य धरलीय. वजनं तिच्या सेवेला. डाव शिकायला, पडायला, समोरच्याशी झटायला शरीर तयार राहावं म्हणून वजनं उचलायची. जिममध्ये इतकं दमायचं की मॅटवर गेल्यावर पाय फरफटतील, असा व्यायाम या हिशोबात बसत नाही, मग आरशात कितीही चांगला दिसो.

एक चालणारा आठवडा असा: सोमवारी मॅट, मंगळवारी वजनं, बुधवारी फक्त चालणं, गुरुवारी मॅट, शुक्रवारी वजनं, शनिवारी सुट्टी, रविवारी सकाळी जमलं तर तिसरं सत्र. कुणाचा रविवार गावाकडे जातो, कुणाचा गुरुवार बाजाराचा असतो. दिवस हलवा, फक्त पायांच्या जड व्यायामाच्या दुसऱ्याच दिवशी जोरदार रंदोरी (ज्युदोतली मोकळी झुंज) येऊ देऊ नका.

एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर आधी काय?

आधी मॅट. ताज्या अंगाने तंत्र शिकलं जातं आणि दमलेल्या अंगाने चुका पाठ होतात. थकलेल्या पायांवर फेक घेताना गुडघा आत वळतो, पडताना हात चुकीचा टेकतो. एकामागोमाग करायचंच असेल तर मॅटनंतरची वजनं अर्ध्या तासात आटपा. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं जमलं तर फारच उत्तम. मधे सहा तास आणि एक नीट जेवण मिळालं पाहिजे.

दमसास आणि ताकद एकत्र वाढवली की एकमेकांना अडवतात, ही चर्चा जुनी आहे. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० मध्ये हे दाखवलं: दोन्ही व्यायाम भरपूर करणाऱ्या गटाची ताकद काही आठवडे वाढली आणि मग थांबली. पण त्या प्रयोगातला व्यायाम रोजचा आणि फार जोराचा होता. आठवड्यात चार-पाच सत्रं करणाऱ्या माणसाने याची धास्ती घेऊ नये.

मी रोज जोर-बैठका काढतो. मग वजनांची गरज काय?

हा प्रश्न आमच्याकडे तालमीतून आलेले लोक विचारतात आणि तो मानाचा प्रश्न आहे. या मातीने मोठी माणसं दिली आहेत. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्याचे. अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवारही लातूरचेच. बीडमधल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य जिंकलं. जोर-बैठकांना कमी लेखावं असं इथे कुणीच म्हणणार नाही.

पण तालमीतली मेहनत म्हणजे नुसत्या जोर-बैठका कधीच नव्हत्या, हे विसरलं जातं. जुन्या पैलवानांचा दिवस आठवून बघा. आधी फावड्याने हौदा (कुस्तीची माती) खणायचा, म्हणजे पाठ, मांडीचा मागचा भाग आणि मनगटं कामाला लागली. मग दोरावर चढायचं: ओढ आली. जोडीदाराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या: वजन आलं. गदा आणि करेला (जड लाकडी मुदगल) फिरवायचा: खांदे सगळ्या बाजूंनी बांधले गेले. जोर-बैठका याच्या जोडीला होत्या. आज घरातल्या गच्चीवर फक्त जोर आणि बैठका उरल्या, खणणं आणि दोर गेला. त्यामुळे छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि मांडीचा पुढचा भाग भरपूर काम करतात, आणि पाठ, नितंब, मांडीचा मागचा भाग, पकड उपाशी राहते.

दुसरी गोष्ट संख्येची. एका दमात शंभर बैठका निघत असतील तर शंभराच्या दोनशे केल्याने दम वाढतो, चिकाटी वाढते, ताकद फारशी वाढत नाही. जास्तीत जास्त ताकदीसाठी अंगाला असा भार लागतो की पाच-आठ वेळा उचलल्यावर थांबावंसं वाटेल. तेव्हा जोर-बैठका सोडू नका. अंग तापवायला पन्नास बैठका आणि पंचवीस जोर उत्तम. त्यानंतर ओढण्याचा एक आणि कमरेतून वाकून उचलण्याचा एक व्यायाम जोडा. जुन्या तालमीत जे होतं ते परत आणताय, एवढंच.

वजनं उचलल्याने अंग ताठर होऊन चपळाई जाईल का?

नाही. पूर्ण पल्ल्यात उचललेलं वजन सांध्याची हालचाल राखतं, बऱ्याचदा वाढवतंही. अर्धवट स्क्वॉट (वजन घेऊन बसून उठणं), अर्धवट बेंच प्रेस (पाठीवर झोपून वजन ढकलणं) आणि त्यानंतर खुर्चीत आठ तास, याने अंग आखडतं. आठवड्यात दोन दिवसांच्या व्यायामाने कुणी बॉडीबिल्डर होत नाही. तसं व्हायला लोक वर्षानुवर्षं तेच एक काम करतात.

नेमके कोणते व्यायाम करावेत?

पाच प्रकार पुरे: कमरेतून वाकून उचलणं, बसून उठणं, ढकलणं, ओढणं, वजन घेऊन चालणं. म्हणजे डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर किंवा जमिनीवरून प्रेस, पुल-अप किंवा रो, आणि दोन हातांत डंबेल घेऊन फेऱ्या.

यातला एक जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त कंबरा याच्यातच धरतात. डेडलिफ्टला उभं राहताना भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभे राहा आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. गुडघे थोडेच वाकतील, नडग्या सरळ राहतील, पाठ एका रेषेत राहील आणि मांडीच्या मागे ताण लागेल. ही हालचाल आली की मगच बारला हात लावा. बार नडगीला घासत वर यायला हवा. तो पुढे गेला की सगळा भार कमरेवर. ज्युदोत समोरच्याला नितंबावर घेऊन उचलतानाही अंग मधोमध असंच दुमडतं, म्हणून ज्युदोवाल्यांना हा व्यायाम लगेच पटतो. कराटेवाल्यांनी त्याच्या जोडीला एका पायावरचा स्क्वॉट किंवा लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) ठेवावा, कारण लाथ मारताना सगळं अंग एका पायावर असतं.

पकडीसाठी वेगळं यंत्र नको. पुल-अपच्या दांड्यावर टॉवेल टाकून त्याला लोंबकळा. गी (सरावाचा जाड अंगरखा) धरणाऱ्या बोटांना याचा फायदा दोन-तीन आठवड्यांत कळतो.

मान विसरू नका. कुस्ती आणि ज्युदोत मानेवर ओढ येते आणि पडताना डोकं सावरायला मानच लागते. पण चाळिशीनंतर डोकं जमिनीला टेकवून अंगाचा पूल करणं टाळा, विशेषतः मणक्याचा त्रास असेल तर. तळहात कपाळाला लावून मानेने ढकला, हाताने अडवा, मान हलू देऊ नका. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद.

किती सेट, किती वजन?

प्रत्येक व्यायामाचे दोन ते तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच ते दहा रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा उचलणं. थांबाल तेव्हा आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. शेवटच्या रेपला किंचाळत उचलणं मॅटवर जाणाऱ्याला परवडत नाही. सगळं चाळीस ते पन्नास मिनिटांत संपावं. सगळे सेट सहज निघू लागले की अडीच किलो वाढवा. दर चार-पाच आठवड्यांनी एक आठवडा वजन आणि सेट निम्मे करा. स्नायू लवकर तयार होतात, पण कंडरा आणि अस्थिबंधांना जास्त वेळ लागतो. उत्साहाच्या भरात तिसऱ्या महिन्यात कोपर दुखतं ते त्यामुळेच.

जिम नाही. गावात राहतो. काय करू?

युरियाची रिकामी गोणी घ्या, तिच्यात दुसरी गोणी घाला, आतल्या गोणीत वीस ते तीस किलो कोरडी वाळू भरा आणि दोन्ही तोंडं सुतळीने वेगवेगळी बांधा. गोणी गच्च भरू नका, थोडी सैल ठेवा. सैल वाळू हलते, सरकते, नीट धरू देत नाही, आणि समोरचा माणूसही तसाच असतो. ही गोणी छातीशी कवटाळून उठा-बसा, खांद्यावर घ्या, बांधावरून चालत जा. ओढण्यासाठी झाडाची जाड फांदी किंवा शेडची मजबूत आडवी नळी बघा, आणि लोंबकळण्याआधी ती तुमचं वजन पेलते का हे तपासा. लोखंडाला पैसे नाहीत म्हणून ताकद अडून राहत नाही.

शेतात राबणाऱ्यांसाठी आणखी एक सांगणं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी, पोती उचलणं, ट्रॉली भरणं चालू असतं. ती मेहनत वजनांच्या खात्यात मोजा. दिवसभर पोती वाहून संध्याकाळी परत डेडलिफ्ट करायचा नाही. त्या दिवसांत फक्त हलकं तंत्र आणि काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली).

संभाजीनगरजवळ वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट असते. दर आठवड्याला वेळ बदलतो.

मग आठवड्याचं वेळापत्रक शिफ्टप्रमाणे बदलतं ठेवा. दिवसपाळीच्या आठवड्यात दोन दिवस वजनं आणि दोन दिवस मॅट. रात्रपाळीच्या आठवड्यात वजनांचं एकच सत्र, तेही उठून जेवण झाल्यावर, आणि मॅटवर फक्त हलकं तंत्र. रात्रपाळी संपवून थेट रंदोरीला येऊ नका. जागरणाने डोळा-हाताचा मेळ बिघडतो, आणि घरी परतताना गाडीही तुम्हालाच चालवायची असते. प्रौढ माणसाला सात तास झोप लागतेच. ती दिवसा घ्यायची तर खोलीत अंधार करा, घरच्यांना सांगून ठेवा. झोप चुकली की व्यायाम कमी करायचा. हा नियम आम्ही कुणासाठी ढिला करत नाही.

खायचं काय? घरात मांसाहार चालत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजनं उचलणाऱ्याने साधारण १.६ ग्रॅमपर्यंत जावं. सत्तर किलोच्या माणसाला ते होतात ११२ ग्रॅम.

ऐकायला जास्त वाटतं, पण आपल्याच ताटातून जुळतं. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी: वीस. पन्नास ग्रॅम तूरडाळीचं वरण: अकरा. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी: सव्वीस. अर्धा लिटर दूध: सोळा. वाटीभर दही: पाच. मूठभर शेंगदाणे: सात. चाळीस ग्रॅम फुटाणे: आठ-नऊ. झाले जवळपास पंचाण्णव. उरलेलं शंभर ग्रॅम पनीरमधून येतं. अंडी चालत असतील तर तीन अंड्यांतून तेवढंच आणि स्वस्तात. लातूरची बाजारपेठ सोयाबीनने भरलेली असते आणि आपल्या ताटात ते फारसं येत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

शेंगदाण्याची चटणी आणि करडईचं तेल चांगलं आहे, पण तेलातून प्रथिनं येत नाहीत. आणि फक्त भाकरी-ठेच्यावर जड व्यायाम करणाऱ्याचं वजन घटेल, ताकद वाढणार नाही.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन जड वजनं उचलू नका. साबुदाण्यात जवळपास सगळं पिष्टच असतं. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा घ्या आणि त्या दिवशी काता किंवा चालणं ठेवा. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांनी वजनांचं सत्र इफ्तारनंतर तासा-दीड तासाने घ्यावं आणि महिनाभर नवीन वजनं वाढवू नयेत.

प्रोटीन पावडर, क्रिएटिन, इंजेक्शन?

पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन. जेवणातून जुळत नसेल तर घ्या, जुळत असेल तर पैसे वाचवा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम हे ताकदीसाठी चांगलं तपासलेलं पूरक आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इंजेक्शनला हातही लावू नका. काही जिममध्ये "दम वाढतो" म्हणून मेफेन्टरमाइन दिलं जातं. ते शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं औषध आहे. निरोगी माणसाने ते टोचून घेऊन वजनं उचलायची म्हणजे हृदयाशी खेळ. देणारा कितीही ओळखीचा असो, तिथून निघून या.

एप्रिल-मे मध्ये काय करायचं?

परभणी-नांदेडला पारा चाळीसच्या वर जातो आणि बरेच क्लास पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. सकाळी साडेपाच ते सात हाच वेळ. संध्याकाळी पत्रा सातपर्यंत धग सोडत असतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला सत्रं छोटी ठेवा.

घामाचा अंदाज घ्यायला व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर भरून काढायचं, नुसतं पाणी न पिता मीठ-जिरं घातलेलं ताक घेऊन. कुणी बडबडायला लागलं, झोकांड्या जाऊ लागल्या, उलट्या झाल्या तर ते उष्माघाताचं लक्षण. सावलीत न्या, गी काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. अशा वेळी वाट बघू नका.

पाय इतके दुखतात की चालवत नाही. सराव थांबवू?

"सर, पायऱ्या उतरायला जमंना झालंय" हे वाक्य पहिल्या लेग-डे नंतर प्रत्येकाच्या तोंडी असतं. स्नायूचं हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं आणि मग उतरतं. दोन्ही पाय सारखे दुखतात, हालचाल केल्यावर मोकळं वाटतं. अशा वेळी हलका सराव चालतो.

सांध्यातलं दुखणं वेगळं. एकाच बाजूला, एका बोटाने दाखवता येईल असं टोचतं, सूज येते, गुडघा अडकतो किंवा दगा देतो. हे असेल तर थांबा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. हाडवैद्याकडून मोचकन ओढून घेतलेला गुडघा आम्ही बरा झालेला पाहिलेला नाही.

डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं, क्षणभर काही आठवेना झालं तर त्या दिवशी मॅट संपली. डॉक्टरांना दाखवून त्यांनी हो म्हणेपर्यंत झुंज नाही, जड वजनंही नाहीत.

बायकांनी वेगळं काही करायचं का?

व्यायाम तेच, तत्त्वं तीच. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात, म्हणून पंचेचाळिशीनंतर वजनांचा दिवस कधीच गाळू नका. मॅटवर पडणं असतं, हाडं मजबूत हवीत. अंगात रक्त कमी असणं आपल्याकडे फार आढळतं. दम लवकर लागत असेल तर वजन वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

बेल्ट टेस्ट किंवा जत्रेतली कुस्ती जवळ आली की?

शेवटच्या दहा दिवसांत वजनांचं एक सत्र, तेही नेहमीच्या निम्म्या सेटचं. शेवटचे तीन दिवस काहीच नको. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत फडात उतरायची हौस पन्नाशीतही असते, ती जपावी, पण आपल्या वयाची आणि वजनाची जोड बघूनच. हौशी माणसाने पाणी तोडून वजन उतरवू नये.

बीपी, शुगर आहे. चालेल?

बहुतेकांना चालतं, आणि उपयोगही होतो. डॉक्टरांना आधी सांगा की कुस्ती किंवा ज्युदोही करणार आहात, फक्त "व्यायाम" म्हणू नका. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून उचलू नये: उचलताना श्वास सोडा, वजन हलकं आणि रेप्स दहा-बारा. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, म्हणून पिशवीत साखर किंवा गूळ ठेवा आणि सोबतच्याला सांगून ठेवा. आणि शुगर असलेल्यांनी मॅटवरून उतरल्यावर रोज दोन्ही तळवे आणि बोटांमधली जागा उजेडात बघावी. अनवाणी सरावात खरचटलेलं कळत नाही, आणि बधिर पायाला झालेली छोटी जखम लवकर चिघळते. जखम दिसली तर ती भरेपर्यंत मॅट बंद, वजनं बूट घालून चालू.